मागच्या खोलीतला टीव्ही

मागच्या खोलीत टीव्ही दिसावा, एवढीच माझी मागणी होती. मी काही राज्य मागितलं नव्हतं. तरी या एका मागणीपायी माझ्या भिंतीला भोक पडलं, बायकोच्या कपाटाला भोक पडलं, माझी एक रजा गेली आणि अख्ख्या इमारतीला माझ्या अकलेबद्दल काय वाटतं ते मला जिन्यात उभं राहून ऐकावं लागलं. हे सगळं मी शांतपणे सांगणार आहे. शांत स्वभाव आहे म्हणून नव्हे, चिडायलाही थोडी ताकद लागते आणि ती आता उरलेली नाही.

झालं असं, की आमचे बाबा बाथरूममध्ये घसरले आणि मांडीचं हाड मोडून घेतलं. कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर आणि सहा आठवडे हलायचं नाही. ते मागच्या खोलीत पलंगावर. हा पलंग सुताराने त्या खोलीतच बसून जोडला होता, त्यामुळे तो दारातून बाहेर निघत नाही. टीव्ही पुढच्या खोलीत, भिंतीला पक्का ठोकलेला. त्याच्याखाली कंपनीचा बॉक्स, आणि तो बॉक्स गच्चीवरून आलेल्या वायरीला बांधलेला. म्हणजे तिकडे बाबा जखडलेले, इकडे टीव्ही जखडलेला, आणि दोघांच्या मधल्या बोळात हेलपाटे घालायला मी मोकळा.

एरवी बाबांना टीव्हीचं काही वेड नाही. पण त्यांची नात, म्हणजे माझी मुलगी चिंगी, व्हॉलीबॉलची पंच आहे. उंच खुर्चीवर बसून शिट्टी फुंकते ती पंच नव्हे. मैदानाच्या कोपऱ्यात हातात झेंडा घेऊन उभी राहते ती. चेंडू रेषेबाहेर पडला की झेंडा वर, आत पडला की झेंडा खाली. आठ वर्षं तिने शाळाकॉलेजांच्या मैदानांवर उन्हात उभं राहून झेंडा वरखाली केला, आणि आता पहिल्यांदा मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्याला तिला बोलावलं होतं. रविवारी दुपारी चार वाजता, टीव्हीवर थेट.

"थेटच बघायला हवं," बाबा म्हणाले. "नंतरच्या तुकड्यांत तिला कोण दाखवणार आहे?"

हे मात्र खरं होतं. नंतर दाखवतात ते उड्या, आरडाओरडा आणि कप. झेंडेवाली बघायची तर सामना चालू असतानाच बघावी लागते. बाबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या रविवारभोवती माझ्याकडून लाल गोल काढून घेतला. गोल नीट आला नाही म्हणून परत काढून घेतला.

मोबाईलवर बघा, असं तुम्ही म्हणाल. सगळेच म्हणाले. मोबाईलवर अख्खं मैदान पोस्टकार्डाएवढं दिसतं आणि कोपऱ्यातली पंच मुंगीएवढी. बाबांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचा काढायचाय. त्यातून मागच्या खोलीत रेंज येते ती फोन धरून हात खिडकीबाहेर काढला तर. बाबांसाठी मी तेही केलं असतं, पण मग फोन बाहेर आणि बाबा आत.

म्हणून कंपनीला फोन केला. दुसरा बॉक्स भाड्याने मिळेल का? पलीकडची बाई अतिशय गोड होती. मिळेल, म्हणाली, दहा ते बारा कामाच्या दिवसांत, आणि भाडं किमान एका वर्षाचं. मी म्हटलं, "बाई, मला एका दुपारचा टीव्ही हवाय." ती म्हणाली, "समजू शकते सर, अजून काही मदत करू का?" आधी काय मदत केली होती, ते मी विचारलं नाही.

इथे शेजारच्या गृहस्थांचा प्रवेश होतो. त्यांना इमारतीत सर्वज्ञ म्हणतात. त्यांच्या तोंडावर म्हणतात, आणि त्यांना आवडतं. त्यांना दारातूनच वास लागला.

"भाड्याने बॉक्स?" ते म्हणाले. "साहेब, वेड लागलंय का? तुमच्या बॉक्सला मागे तीन भोकं आहेत. लाल, पांढरं, पिवळं. आजवर कधी वापरलीत?"

मी कबूल केलं की मी बॉक्सच्या मागे कधी गेलेलो नाही.

"तिथून वायर काढायची आणि जुन्या टीव्हीत खुपसायची. एक बॉक्स, दोन टीव्ही. पाच मिनिटांचं काम."

पाच मिनिटांचं काम, हे शब्द ज्याने आयुष्यात पहिल्यांदा उच्चारले त्याला एकदा भेटायची माझी इच्छा आहे.

जुना टीव्ही माळ्यावर होता. पाठीला पोक असलेला, चौकोनी, दोन माणसांनी उचलायचा. एक माणूस मी होतो. दुसरे सर्वज्ञ होते, पण त्यांच्या कंबरेला डॉक्टरांनी नाही म्हटलं होतं, म्हणून ते खालून "सावकाश, सावकाश" एवढं म्हणत होते. टीव्ही खाली आला तेव्हा माझ्याही कंबरेचं मत डॉक्टरांसारखंच झालं होतं.

मग वायर. मी बोळ पावलांनी मोजला आणि पंधरा मीटर आणली. दुकानदार म्हणाला, "वीस घ्या." मला वाटलं, विकायला बघतोय. घरी येऊन लावली तर वायर बोळातून वळून मागच्या खोलीच्या उंबरठ्यापर्यंत आली आणि थांबली. दोन वीत कमी. वीस मीटरची आणायला परत गेलो तर दुकानदार काही बोलला नाही, नुसता हसला. बोलला असता तर बरं झालं असतं.

तोवर सर्वज्ञांनी नवा विचार केला होता. बोळातून वायर कशाला? अडखळून अजून एक हाड मोडायचं. सरळ भिंतीतून भोक पाडू. इलेक्ट्रिशियन आला. त्याने पुढच्या खोलीत भिंत ठोकून पाहिली, पेन्सिलीने फुली मारली आणि विचारलं, "पलीकडे काय आहे?"

"मागची खोली," मी म्हटलं.

आता, पलीकडे मागची खोली होतीच. पण मागच्या खोलीत त्या भिंतीला लागून बायकोचं कपाट होतं, हे माझ्या ध्यानात राहिलं नाही. ड्रिल भिंतीतून गेलं, कपाटाच्या पाठीतून गेलं आणि तिच्या भाचीच्या लग्नात एकदाच नेसलेल्या साडीत जाऊन थांबलं. बायकोने साडी बाहेर काढली, भोकातून माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा घडी घालून ठेवली. तेव्हापासून वायर कपाटातून जाते आणि कपाटाचं दार चार बोटं उघडं राहतं.

वायर जोडली. चित्र आलं ते काळंपांढरं आणि थरथरतं, आवाज मुळीच नाही. सर्वज्ञ म्हणाले, बॉक्स गेला. इलेक्ट्रिशियन म्हणाला, टीव्ही गेला. बाबा पलंगावरून म्हणाले, "पिवळी वायर पिवळ्या भोकात घातली आहे का?" नव्हती. घातल्यावर रंग आले, आवाज आला, आणि आम्ही तिघं एकमेकांकडे न बघता चहा प्यायलो.

पण बॉक्स एक म्हणजे चॅनेलही एकच. पुढे जे लागेल तेच मागे. बायको संध्याकाळी तिची मालिका लावायची आणि बाबांना मागच्या खोलीत एका घराण्यातली भांडणं बघावी लागायची. रिमोट पुढे. ओरडून सांगणं बाबांच्या स्वभावात नाही. त्यांनी चाळीस वर्षं हेडक्लार्की केली आहे, तोंडी व्यवहारावर त्यांचा विश्वास नाही. ते चिठ्ठी लिहायचे. "कृपया बातम्या लावाव्यात. कालावधी पंधरा मिनिटे." खाली तारीख आणि सही. चिठ्ठी पुढच्या खोलीत मी न्यायची. बायको शेरा मारायची, "मालिका संपल्यावर विचार करू." तो शेरा मी मागे न्यायचा. ऑफिसातून येऊन मी घरी शिपाई व्हायचो. पण रविवार चार दिवसांवर आला होता आणि टीव्ही दिसत होता. मी समाधानात होतो, म्हणजे त्यातल्या त्यात.

बुधवारी बाबा म्हणाले, "याला परवानगी आहे ना?"

मी म्हटलं, "बाबा, घर आपलं, टीव्ही आपला, वायर आपली."

"पण बॉक्स त्यांचा."

जोडणी बाबांच्या नावावर. तिचा करार त्यांच्या फायलीत. त्यांनी फाईल मागवली, भिंग मागवलं आणि बारीक अक्षरातलं अकरावं कलम वाचून दाखवलं. एका बॉक्सला एकच टीव्ही. मी म्हटलं, ते कोण बघायला येतंय? बाबा माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी लहानपणी केलेली एखादी चोरी आज उघड झाली होती.

गुरुवारी मी ऑफिसात असताना त्यांनी कंपनीला फोन केला. आधी मी दुसऱ्या एका तक्रारीसाठी याच कंपनीला तीन दिवस फोन करत होतो आणि तीन दिवस नुसती धून ऐकत होतो. बाबांचा फोन पहिल्या घंटीला उचलला. बाबांनी नाव सांगितलं, ग्राहक क्रमांक सांगितला आणि आपण अकराव्या कलमाचा भंग केला असून त्याला रीतसर परवानगी मिळावी, अशी विनंती केली. पलीकडच्या बाईला आयुष्यात असा ग्राहक भेटला नसावा. तिने तो मान राखला आणि नियमाप्रमाणे, तपासणी होईपर्यंत, जोडणी बंद केली.

मी घरी आलो तेव्हा पुढचा टीव्ही निळा होता, मागचा निळा होता आणि बायको दोघांच्या मध्ये लाल होती. "अहो, मालिकेचं जाऊ दे," ती म्हणाली, "पण पोरीचं काय? पोरगी तिथं उभी राहणार आणि आपण इथं निळा पडदा बघायचा?"

बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. "मी परवानगी मागितली होती," ते म्हणाले. "त्यांनी नाही म्हणायचं होतं नाहीतर हो म्हणायचं होतं." त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला रागावताही येईना.

शुक्रवारी रजा काढून कंपनीच्या कचेरीत गेलो. मी स्वतः एका कार्यालयात अर्जांच्या टेबलावर बसतो. अपुरे अर्ज परत करणं हे माझं काम, आणि ते मी वीस वर्षं चोख केलेलं आहे. खिडकीच्या या बाजूला उभं राहण्याची मला सवय नाही. खिडकीतला माणूस म्हणाला, "तपासणी लवकर हवी तर तक्रारदाराने अर्ज करायचा."

"तक्रारदार कोण?"

त्याने बघितलं. "तुमचे वडील."

"आणि तक्रार कुणाविरुद्ध?"

त्याने पुन्हा बघितलं. "तुमचे वडील."

"मग त्यांनी तक्रार मागे घेतली तर?"

"तक्रारदार मागे घेऊ शकतो," तो म्हणाला, "पण ज्याच्याविरुद्ध आहे त्याचं ना हरकत पत्र लागेल. आणि तुम्ही कोण? तुमचं अधिकारपत्र?"

घरी आलो. बाबांनी पडल्या पडल्या अधिकारपत्र लिहिलं, तीन प्रतींत. परत गेलो तर खिडकी बंद, जेवणाची सुट्टी. सुट्टीनंतर त्याने पत्र वाचलं आणि म्हणाला, "छान लिहिलंय." मग म्हणाला, "तारीख अक्षरी हवी." माझ्या टेबलावरून मी कितीतरी लोकांना याच कारणासाठी परत पाठवलं आहे. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल, तर त्यांना समाधान मिळो.

तिसऱ्या खेपेला त्याने शिक्का मारला. तपासणी रविवारी, दुपारी साडेतीन. रविवारी का, तर कामाच्या दिवशी माणसं कामावर असतात. याचा अर्थ मी लावत बसलो नाही.

रविवारी सकाळपासून इमारत आमच्या घरात. सगळ्यांचं एकच म्हणणं, मागचा टीव्ही लपवा. सर्वज्ञांनी योजना आखली. टीव्हीवर चादर, चादरीवर इस्त्रीचे कपडे, वर एक फुलदाणी. "तपासनीस पुढचा टीव्ही बघेल, जोडणी चालू करेल आणि जाईल. मग चादर काढा. पाच मिनिटांचं काम." बायकोने सगळं तसं मांडलं. फुलदाणीत फुलंही घातली.

"चादर काढा," बाबा म्हणाले.

कुणी हललं नाही.

"मी माझ्या तोंडाने त्यांना सांगितलंय, दुसरा टीव्ही आहे म्हणून. आता तो कपड्यांखाली लपवू? काढा."

आणि मग मी बोललो. वडिलांसमोर आवाज चढवायची आमच्यात पद्धत नाही, पण चढला. "बाबा, आयुष्यभर नियम पाळलेत. आम्हीही पाळले. आज एक दिवस, तिच्यासाठी, गप्प बसा ना! तिला बघायचंय की नाही तुम्हाला?"

"ती तिथं कशासाठी उभी आहे?" बाबा म्हणाले. "रेषा सांभाळायला. आणि मी इथं रेषा ओलांडून तिला बघू?"

बायकोने डोळे पुसत फुलदाणी उचलली, कपडे उचलले, चादर काढली. मग सगळी इमारत हळूहळू आपापल्या घरी गेली.

तपासनीस पावणेचारला आला. पन्नाशीचा, घामाघूम, बॅग खांद्यावरून घसरत होती. रविवारी पाठवलं म्हणून स्वतःशीच वैतागलेला दिसला. मी सगळं आधीच सांगून टाकलं. लपवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

"मला सांगून उपयोग नाही साहेब," तो म्हणाला. "जोडणी ज्यांच्या नावावर, त्यांचा जबाब घ्यायचा. आणि त्याआधी जोडणी चालू करायची. चालू नसेल तर दुसऱ्या टीव्हीवर दिसतंय की नाही ते कळणार कसं? दुसरा आढळला, तर इथल्या इथं बंद करून जायचं."

त्याने कचेरीला फोन लावला, आकडे सांगितले, थांबला, परत आकडे सांगितले. चार वाजून दोन मिनिटांनी पुढचा टीव्ही लागला. मी चॅनेल लावलं आणि बोळातून धावत मागे गेलो. मागेही मैदान आलं होतं. बाबांनी चष्मा पुसून तयार ठेवला होता.

"दिसली!" पुढच्या खोलीतून बायको ओरडली. "बाबा, दिसली! डाव्या कोपऱ्यात! केस बांधलेत बघा!"

बाबा डाव्या कोपऱ्याकडे बघायला लागले. तिथे कोपराच नव्हता. जाळी होती, खेळाडू होते, मधली रेषा होती, पण मैदान दोन्ही बाजूंनी कापलेलं. जुना टीव्ही चौकोनी, चित्र आजकालचं लांबट. मधलं मावलं होतं आणि कडा बाहेर राहिल्या होत्या. चिंगी नेमकी कडेला.

"झेंडा वर केला!" बायको ओरडली. "बाबा, बघितलंत का?"

"हो," बाबा म्हणाले. त्यांना काही दिसलं नव्हतं. सून नाराज होऊ नये म्हणून म्हणाले, एवढंच. मी पलंगाच्या काठावर बसलो. मला रडू यायच्या बेतात होतं आणि माझं वय बावन्न आहे.

दारात तपासनीस उभा होता, हातात जबाबाचा कागद. त्याने टीव्ही बघितला, बाबांकडे बघितलं. "चित्र कापतंय," तो म्हणाला. "असं कसं ठेवलंत?" काम येणाऱ्या माणसाला बिघडलेलं बघवत नाही. तो कागद खिशात कोंबून तरातरा पुढच्या खोलीत गेला. तिथून बायकोच्या हातातला रिमोट मागितल्याचं ऐकू आलं, मग बटणांची टकटक. मागच्या टीव्हीवर कसल्याशा याद्या उघडल्या, मिटल्या. आणि चित्र एकदम आक्रसलं. वर काळी पट्टी, खाली काळी पट्टी, पण मधे अख्खं मैदान, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

डाव्या कोपऱ्यात अंगठ्याएवढी चिंगी उभी होती. पाय जरा फाकलेले, मान पुढे, झेंडा मांडीला टेकवलेला. लहानपणी पाढे म्हणायला उभी राहायची तशीच.

बाबांनी हात लांब केला, म्हणून मी टीव्ही स्टुलासकट ओढला, वायर ताणली जाईपर्यंत. चेंडू डाव्या रेषेवर आपटला. झेंडा खाली गेला. "आत," बाबा हळूच म्हणाले.

तपासनीस परत आला होता. त्याने कागद काढला, पलंगासमोर उकिडवं बसून गुडघ्यावर ठेवला, घसा साफ केला. आपण काय करायला आलोय ते त्यालाही आत्ताच आठवल्यासारखं दिसलं. "आजोबा," तो म्हणाला, "जबाब घ्यायला लागेल. तुम्ही सांगाल तेच लिहायचं असतं मला. या खोलीत दुसरा टीव्ही आहे का?"

टीव्ही तिथेच, त्याच्या पाठीमागे चालू होता. मी बाबांकडे बघितलं. चाळीस वर्षांत एकदाही कुणाची चुकीची नोंद न केलेला हा माणूस काय सांगणार ते मला माहीत होतं, आणि मी मनातल्या मनात वायरीचा निरोप घेतला.

बाबांनी पडद्यावरची नजर काढली नाही.

"नाही," ते म्हणाले. "आणि जरा बाजूला व्हा, ती दिसत नाहीये."

तपासनिसाने 'नाही' लिहिलं. मग बॅग खाली ठेवून तो पलंगाच्या पायथ्याशी टेकला. थोड्या वेळाने बायकोही पुढचा टीव्ही तसाच सोडून मागे आली आणि कपाटाला टेकून उभी राहिली. झेंडा वर गेला की बाबा "बाहेर" म्हणायचे, खाली गेला की "आत" म्हणायचे, आणि आम्ही तिघं माना डोलवायचो. सामना कोण जिंकलं, ते मला दुसऱ्या दिवशी ऑफिसात विचारावं लागलं.